तिकीट अर्धं झालं, पण सकाळची गाडी गेली कुठं?

माळरान:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात साचलंय ते आज लिहून टाकते, लांबेल जरा, सांभाळून घ्या.

दिवाळीत गावी गेले होते. गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात, मिरजेपासून साधारण ३० किलोमीटर. गेले तर वहिनी घरीच. म्हटलं अगं तू तर मिरजेला हॉस्पिटलात कामाला लागली होतीस ना, काय झालं? तर म्हणाली सोडलं, आणि उठून आत गेली. मग रात्री आईनं भाकरी थापता थापता सगळं सांगितलं.

काम आयाचं होतं, पगार ११ हजार, आणि बाराही महिने. आमच्याकडं बाईला बारमाही काम म्हणजे काय हे तिकडच्यांना विचारा, नाहीतर द्राक्षाची छाटणी, मग बेदाण्याचं शेड, मग उन्हाळ्यात काहीच नाही, रोज ३०० रुपये ते पण काम असेल तेव्हा. वहिनी बारावी झालेली आहे, हुशार आहे, सिस्टरबाईंनी सांगितलं होतं की वर्षभर टिकलीस तर पुढं शिकायचं बघू. पण ड्यूटी सकाळी साडेसातला चालू आणि गावातून पहिली एसटी साडेआठला. पूर्वी आमच्याकडं मुक्कामी गाडी होती, रात्री नऊला यायची आणि सकाळी सहाला सुटायची, ती बंद झाली ती आजतागायत आली नाही. मग वडाप, म्हणजे खाजगी जीप. वडाप भरल्याशिवाय हलत नाही, म्हणजे सहा वाजता जाऊन बसायचं आणि ते कधी सव्वासहाला निघणार कधी सात वाजता. मिरजेत पोचायला उशीर झाला की हाफ डे. पहिल्या महिन्यात पाच हाफ डे पडले. वडापचे जायचे ५०, पुढं शेअर रिक्षाचे १५, येताना एसटी मिळाली तर अर्ध्या तिकिटात २५. तरी तिनं रेटलं. पण दुसऱ्या महिन्यात शिफ्ट बदलली, दुपारी दोन ते रात्री नऊ, आणि रात्री नऊनंतर मिरजेतून आमच्या गावाकडं काहीही नाही. दादा चार दिवस मोटारसायकलवरून आणायला गेला, मग त्याची पाणी पाजायची पाळी रात्रीची आली. झालं, संपली नोकरी.

आता मला सांगा, १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. मी स्वतः त्या योजनेच्या बाजूनं आहे, आई पहिल्यांदा स्वतःच्या पैशानं तिकीट काढून मावशीकडं एकटी गेली ती त्याच्यामुळं. पण सवलत त्या माणसाला मिळते जो गाडीत चढला. जी गाडी येतच नाही तिचं अर्धं तिकीट काय करायचं?

आणि हे माझ्याबरोबरही झालंय. मी अकरावी सायन्सला होते तेव्हा पास होता, विद्यार्थ्यांना एक तृतीयांशच पैसे भरावे लागतात, ते घरच्यांनी आनंदानं भरले. पण कॉलेज सकाळचं साडेसातचं, मुक्कामी गाडी बंद झालेली, आणि आमची पहिली गाडी पोचायची दहाला. प्रॅक्टिकल गेली. आम्ही गावातल्या पाच मुली होतो, त्यातल्या तिघींनी आर्ट्स घेतलं कारण आर्ट्सचे तास दुपारी होते. कुणाला काय आवडतं, कोण कशात हुशार, याचा काही संबंध नव्हता, आमची स्ट्रीम वेळापत्रकानं ठरवली. मी मामाकडं राहायला गेले म्हणून सायन्स झालं, आज पुण्यात बरी नोकरी आहे. बाकीच्यांना मिरजेत मामा नव्हता.

म्हणून विचारते, तुमच्या भागात काय परिस्थिती आहे? गाडीच्या वेळेमुळं कुणाचं काम, शिक्षण सुटलंय का, किंवा गाडी चालू झाल्यामुळं कुणाचं बस्तान बसलंय का? खरे अनुभव लिहा.

---

समुद्रफेस:

खूप आतून लिहिलंयस. आमच्या कोकणात विचारशील तर २०२१ चा संप आठवतो. ऑक्टोबरच्या शेवटी सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कामगारांचं दुःख खरं होतं, माझा सख्खा काका चालक, त्याचा पगार किती आणि कधी व्हायचा ते मला माहित आहे, त्यामुळे त्यांना नावं ठेवणार नाही. पण त्याच वेळी शाळा नुकत्या उघडल्या होत्या, दीड वर्ष घरात बसलेली पोरं परत जायला लागली होती आणि गाडी बंद. आमच्या वाडीतून हायस्कूल ९ किलोमीटर, मधे घाटी. मुलगे कुणाच्या तरी गाडीवर ट्रिपल बसून जायचे. मुलींना नाही पाठवलं. दोघींची त्या मे मध्ये लग्नं झाली, एक दहावीत होती ती आता मुंबईत कुठेतरी कॅटरिंगला जाते.

---

हिशेबनीस:

धागा चांगला आहे पण थोडी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नये.

एसटीचा संचित तोटा १० हजार कोटींच्या वर गेलाय, हे परिवहन खात्याच्या श्वेतपत्रिकेतच आलंय. जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ केली, त्याच्या आधी ऑक्टोबर २०२१ मध्ये १७ टक्क्यांची केली, तरी हे हाल. बायकांना ५०, ६५ ते ७५ वयाला ५०, ७५ च्या पुढे फुकट, विद्यार्थी, आणखी कितीतरी सवलती. सरकार म्हणतं सवलतीचे पैसे भरून देतो, पण ती वेळेवर मिळाली नाही की पगार लांबतात, स्पेअर पार्ट येत नाहीत, गाड्या उभ्या राहतात. म्हणजे ज्या वहिनींबद्दल तुम्ही लिहिलंय त्यांची गाडी बहुतेक याच पैशाच्या ओढाताणीत गेली असेल. सवलती सरसकट न देता गरिबाला त्याच्या खात्यात पैसे द्या, तो वडापनं जाईल नाहीतर एसटीनं जाईल, आणि एसटीनं आपला धंदा नीट करावा. मला हे जास्त सरळ वाटतं. शिवनेरीत, म्हणजे एसटीच्या एसी गाडीत, पुणे–दादर जाणाऱ्या आयटीतल्या मुलीलाही अर्धं तिकीट कशाला?

---

माळरान:

हिशेबनीस, राग नाही, आणि शिवनेरीचा मुद्दा मला पटतो. पण खात्यात पैसे देऊन रात्री साडेनऊला मिरजेतून गाडी कशी निघणार? वहिनीकडं ज्या दिवशी पैसे होते त्या दिवशीही वडाप नव्हतं, कारण रात्री एका बाईसाठी वडापवाला येत नाही, त्याला परवडत नाही आणि एकटीनं तिला बसवतही नाही. जिथं सगळ्यांनी मिळून गाडी धरली तरच ती चालते तिथं एकेकाच्या हातात पैसे देऊन ती उभी राहत नाही ना.

---

बिल्ला क्रमांक:

मी ३१ वर्षं वाहक म्हणून काढली, आता रिटायर आहे. मुक्कामी गाडीचा विषय निघाला म्हणून लिहितो, कारण हे बाहेरच्या माणसाला कळत नाही.

मुक्कामी गाडी म्हणजे एका गाडीत दोन फेऱ्यांचं काम. रात्रीची शेवटची आणि सकाळची पहिली. ती बंद केली तर गावाच्या दिवसाची दोन्ही टोकं जातात, आणि नेमकी कामाला जाणारी माणसं त्याच टोकांवर असतात. दुपारच्या गाडीला कोण असतं, दवाखान्याला जाणारं, लग्नाला जाणारं, तहसीलला कागद काढायला जाणारं. रोजगाराची माणसं सकाळी सहाला आणि रात्री आठला. आता तीच गाडी सकाळी डेपोतून पाठवायची म्हटली तर ३० किलोमीटर मोकळी पळवावी लागते पहाटे पाचला, ते डिझेल कोण देणार. म्हणून मग पहिली गाडी साडेआठला होते, कारण ती डेपोतून सातला निघालेली असते. तुमच्या गावची साडेआठ कुठून आली ते हे असं आहे ताई.

बंद का झाल्या ते पण सांगतो. एक तर माणसं कमी. भरती वर्षानुवर्षं नाही, रिटायर होणारे होतायत. दुसरं, राहायची सोय. आमच्या टायमाला गावात देवळात नाहीतर चावडीत झोपायचो, कुणीतरी पाटलाच्या घरून भाकरी यायची, चहा यायचा, माणसं जपायची. नंतर नंतर ते कमी झालं. पाणी नाही, संडास नाही, डास, वर गाडीतलं डिझेल चोरीला गेलं तर जबाब आमचा. आता वाहक मुली पण आहेत, त्यांनी कुठं झोपायचं? त्यामुळं कर्मचारी मुक्कामाची ड्यूटी नको म्हणायला लागले आणि मी त्यांना दोष देत नाही.

तिसरं म्हणजे भारमान, म्हणजे गाडी किती भरते त्याचा हिशेब. प्रत्येक फेरीचं भारमान काढतात, कमी दिसलं की फेरी कापतात. पण सकाळच्या गाडीत ५० पोरं पासवाली असतात, पाय ठेवायला जागा नसते, आणि मशीनवर त्या फेरीचं रोख उत्पन्न दिसतं ४०० रुपये. पासाचे पैसे वेगळे, एकदम भरलेले असतात. कागद बघणाऱ्याला गाडी तोट्यातली दिसते आणि मी दारात लोंबकळून घंटी मारतोय. हे मी अनेकदा साहेब लोकांना सांगितलं. काही साहेब चांगले होते, त्यांनी फेरी ठेवली पण.

---

वऱ्हाडी ठेचा:

काका तुमच्या शेवटच्या पॅराला दंडवत.

एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून बोलतो. अर्धं तिकीट बाईला, पण मजूर तर नवराही आहे ना. माझा बाप बांधकामावर जायचा, सेंट्रिंगचं काम, रोज तालुक्याला २२ किलोमीटर. फुल तिकीट. भाडं वाढलं की तो आठवड्यातले दोन दिवस जायचाच नाही, म्हणजे ठेकेदार म्हणायचा तू पर्मनंट नाहीस, तुला रोज कमी. गरीब माणूस गरीब आहे, त्याच्यात बाई माणूस असा भेद केला तर घरातलं एक तिकीट स्वस्त आणि एक महाग एवढंच होते. मला वाटते मजुरांना मासिक पास असा पाहिजे की जो खरंच परवडेल. लोकल ट्रेनचा सेकंड क्लासचा पास बघा किती स्वस्त आहे, १० किलोमीटरपर्यंत १०० रुपये महिना, तसा खेड्यातल्या मजुराला का नाही? मुंबईचा मजूर आणि आमचा मजूर वेगळा आहे का?

---

गोवंडी लिंक रोड:

वऱ्हाडी, लोकलचा पास स्वस्त आहे हे बरोबर, मुंबई त्याच्यावरच उभी आहे, कल्याण विरारहून माणूस रोज येतो आणि त्याला ते झेपतं कारण महिन्याला ठराविक रक्कम गेली की पुढे विचार करायचा नाही. पण स्टेशनपर्यंत पोचायचं काय? आमचा सगळा जीव तिथे जातो.

माझी आई घाटकोपरला घरकाम करायची, तानसाच्या पाइपलाइनजवळ झोपडी होती, कामाची चार घरं चालत दहा मिनिटांवर. पाइपलाइनच्या कडेची घरं काढली तेव्हा आमच्या शेजारच्या कितीतरी घरांना माहुलला पाठवलं. बिल्डिंग मिळाली, फ्लॅट मिळाला, कागदावर ती माणसं वर गेली. पण तिथून स्टेशन लांब, बाजूला रिफायनरी, हवा इतकी वाईट की शेवटी २०१९ मध्ये हायकोर्टालाच सांगावं लागलं की इथे आणखी लोकांना पाठवू नका. आईच्या मैत्रिणीची चारातली तीन कामं सुटली. कारण घरकाम तुकड्यातुकड्यानं असतं, सकाळी भांडी, मग दुपारी दोन तास मोकळे, मग संध्याकाळी पोळ्या. पूर्वी मधल्या वेळात ती घरी येऊन स्वतःच्या पोरांना जेवायला घालायची. माहुलहून ते शक्यच नव्हतं, बसला दोनदा जायचे यायचे पैसे आणि वेळ दोन्ही जातात.

त्यात बेस्ट, म्हणजे मुंबईची शहर बस. २०१९ च्या जुलैमध्ये मिनिमम ८ वरून ५ रुपये केलं, तो दिवस मला आठवतो, आई नाक्यावरून बस पकडायला लागली, त्याआधी ती तीन स्टॉप चालायची. पाच रुपयात म्हणजे शेअर रिक्षापेक्षा कितीतरी कमी. मग मे २०२५ ला मिनिमम १० झालं, एसीला १२, एका झटक्यात दुप्पट. आणि गाड्या? एकेकाळी चार हजारांच्या वर होत्या, आता तीन हजारसुद्धा नाहीत, त्यातही बऱ्याचशा ठेकेदाराच्या. ठेकेदार मध्येच गाड्या काढून घेतो, रूट बंद. २०-२५ मिनिटं स्टॉपवर उभं राहायचं आणि मग दोन एकदम येतात.

हिशेबनीस यांना एक माहिती द्यायची आहे. बेस्टची बस पूर्वी चालायची कशी? बेस्टकडे कुलाब्यापासून माहीम–सायनपर्यंतची वीज आहे, त्या विजेच्या पैशातून बसचा तोटा भरून निघायचा. नंतर वीजबिलात त्याचा वेगळा आकार लावायचे, तो पण २०१६ च्या सुमारास बंद झाला. तेव्हापासून बेस्ट जी घसरली ती सावरली नाही. म्हणजे शहराचा श्रीमंत भाग वीज वापरायचा आणि त्यातून गरिबाची बस चालायची, ही व्यवस्था होती, चांगली होती, आणि तिच्या जागी दुसरी काही उभीच केली नाही. तोटा तोटा म्हणतात तो तेव्हाही होता, फक्त भरायची जागा ठरलेली होती. कोस्टल रोडला तोटा झाला असं कुणी म्हणतं का? त्याच्यावर टू व्हीलरलासुद्धा जायला परवानगी नाही.

---

हिशेबनीस:

गोवंडी, विजेचा हा भाग मला माहीत होता पण मी या बाजूनं विचार केला नव्हता. विचार करून लिहितो.

---

तिसरं गेट:

हे सगळं वाचून बरं वाटलं की आपण एकटे नाही.

मी बेळगावजवळच्या गावातली, मराठी माणसं आम्ही पण एसटी आमच्याकडे कर्नाटकाची. तिथे ११ जून २०२३ पासून शक्ती योजना, बायकांना साध्या बसमध्ये पूर्ण फुकट, राज्याच्या हद्दीत. तुम्ही चांगलं वाईट दोन्ही विचारलंय म्हणून दोन्ही सांगते.

चांगलं म्हणजे माझी जाऊ. ती गावातच तीन घरची शिवणकामं घ्यायची. बस फुकट झाल्यावर बेळगावात एका टेलरिंगच्या युनिटला जायला लागली. नवऱ्याला विचारायला लागत नाही की २० रुपये दे. हे जे विचारायला न लागणं आहे ना, याची किंमत पुरुषांना लगेच कळत नाही. पूर्वी काम शोधायला जायलाच पैसे लागायचे, आणि काम मिळेल की नाही माहीत नसताना घरातून कोण पैसे देणार? आता ती तीन ठिकाणी जाऊन विचारून आली, चौथ्या ठिकाणी लागली. तमिळनाडूत मे २०२१ पासून शहरातल्या साध्या बस बायकांना फुकट आहेत, दिल्लीत त्याच्याही आधी २०१९ च्या भाऊबीजेला चालू झालं.

वाईट म्हणजे गाड्या तेवढ्याच राहिल्या आणि बायका वाढल्या. सकाळी खानापूरकडून येणारी गाडी आमच्या गावाला येईपर्यंत गच्च. ड्रायव्हर थांबवत नाही. कॉलेजची पोरं मागेच राहतात, मुलं जास्त, कारण त्यांना वाटतं बायकांच्या फुकट गाडीत आपली जागा गेली. तिकीट काढणारा पुरुष उभा आणि फुकटवाली बसली म्हणून भांडणं होतात. म्हणजे माळरानताई म्हणतात तसंच आहे, भाडं हे अर्धं काम झालं, गाड्या वाढवणं राहिलंच.

---

सोलापूर रोड:

पुण्याबद्दल लिहू का? हडपसरच्या पुढे राहतो, कंपनी चाकणला. आधी पीएमपीचा, म्हणजे शहर बसचा, महिन्याचा पास ९०० चा होता, जून २०२५ पासून १५०० झाला. दिवसाचा ४० चा ७० झाला. माझ्याबरोबर कॉन्ट्रॅक्टवर १५ हजारावर काम करणारी मुलं आहेत, त्यांच्या पगाराचा दहावा भाग पासातच गेला. वर अडीच तास जायला, अडीच तास यायला, दोन गाड्या बदलून. मग काय करतात? सेकंडहँड बाईक घेतात, हप्ता ३००० च्या आसपास, पेट्रोल वेगळं, पावसात पडतात, चाकण चौकात ट्रकखाली जातात. आमच्या लाइनवरचा एक मुलगा असाच गेला. लोक म्हणतात बघा गरीब माणसाकडे पण बाईक आली, प्रगती झाली. त्याला बाईक हवी नव्हती हो. त्याला वेळेवर पोचायचं होतं. पोचायला त्यानं कर्ज काढलं.

या शहरात २००६ ला बीआरटी सुरू केली होती, देशात पहिल्यांदा, स्वारगेट–कात्रज आणि हडपसर. बससाठी वेगळी लेन, म्हणजे कारवाला अडकला तरी बस पुढे जाईल. ती आमच्या डोळ्यासमोर तोडली. मेट्रो चांगली आहे, मी विरोधात नाही, पण मेट्रो माझ्या रस्त्यावर नाही आणि जी लेन माझ्या रस्त्यावर होती ती गेली. त्याच वर्षी केंद्राचं शहरी वाहतुकीचं धोरण आलं होतं, त्यात लिहिलं होतं की रस्ता माणसांसाठी वाटा, वाहनांसाठी नाही. वीस वर्षं होत आली.

---

निळी बस:

चर्चेत एक चांगलं उदाहरण टाकते. मी जालना जिल्ह्यातली. मानव विकास कार्यक्रमातून मागास १२५ तालुक्यांत मुलींसाठी निळ्या पांढऱ्या एसटी दिल्या, शाळेच्या वेळेला गावात येणाऱ्या. त्या बसला बाकी काही ध्येयच नव्हतं, फक्त मुली शाळेत पोचल्या पाहिजेत, म्हणून तिची वेळ शाळेला जुळवलेली होती. माझ्या गावातून सातवीच्या पुढे मुली जातच नव्हत्या, कारण पुढची शाळा दुसऱ्या गावी. आमच्या बॅचच्या अकरा जणी दहावी झालो. मी आता एएनएम, म्हणजे आरोग्य सेविका आहे. अकरातल्या चार जणी नोकरीत आहेत, एक पोलिसात.

बारावीपर्यंत मुलींना पासही फुकट आहे अहिल्याबाई होळकर योजनेत, पण मला विचाराल तर पास फुकट असण्यापेक्षा बस शाळेच्या घंटेला जुळणं मोठं होतं. रविवारी ती बस नसायची त्या दिवशी गाव परत तसंच बंद पडलेलं वाटायचं.

---

माळरान:

निळी बस, अकरापैकी चार हे वाचून रडू आलं मला. आमच्या पाचातली मी एक.

बिल्लाकाका, एक विचारायचंय. गावानं राहायची सोय केली, म्हणजे ग्रामपंचायतीची एक खोली, पंखा, पाणी, संडास, दार बंद होणारं, आणि गाडी उभी करायला उजेडाची जागा, तर मुक्कामी परत मिळू शकते का? कुणाकडं मागायची?

---

बिल्ला क्रमांक:

मिळू शकते. मी स्वतः अशी एक चालू झालेली बघितली आहे, गावाची नावं सांगत नाही पण झाली.

अर्ज आगार व्यवस्थापकाकडं द्यायचा, प्रत विभाग नियंत्रकांना. नुसता अर्ज फाइलला लागतो म्हणून त्याच्यासोबत तीन गोष्टी जोडा. एक, ग्रामसभेचा ठराव, त्यात खोलीचं लिहा आणि कर्मचाऱ्यांच्या जेवणाचं पण लिहा, कुणाच्या घरून किंवा बचत गटाकडून, पैसे ते देतील पण सोय पाहिजे. दोन, माणसांची यादी. सकाळी सहाच्या गाडीनं कोण कोण रोज जाणार, कुठं उतरणार. पोरं असतील तर शाळा कॉलेजच्या मुख्याध्यापकांचं पत्र, त्यावर शाळेची वेळ. आणि पासवाले किती हे वेगळं लिहा ठळक अक्षरात, म्हणजे भारमान काढताना त्यांना मोजा म्हणून बोलता येतं. तीन, आजूबाजूच्या गावांचे ठराव. एका गावासाठी गाडी देत नाहीत, वाटेवरच्या चार वाड्या जोडल्या तर विचार करतात.

एप्रिल मे मध्ये जा. जूनला शाळा उघडायच्या आधी वेळापत्रक बसवतात, तेव्हा जागा असते. जुलैत गेलात तर पुढच्या वर्षी या म्हणतील.

आणि ताई, गाडी चालू झाली तर पहिले तीन महिने माणसं त्यातच बसली पाहिजेत. वडापवाला त्याच वेळेला पुढं येऊन पाच रुपये कमी घेतो, माणसं त्यात बसतात, आमची गाडी रिकामी जाते, फेरी कापली जाते, मग वडापवाला परत भाव वाढवतो. हे मी माझ्या डोळ्यांनी अनेक गावांत बघितलंय.

---

हिशेबनीस:

दोन दिवस विचार केला. माझं मत थोडं बदललं आहे, पूर्ण नाही. सरसकट सवलतीबद्दल शंका अजून आहे. पण मी तोटा फेरीनुसार मोजत होतो, आणि ती फेरी नसल्यामुळे गावातलं काय काय बंद पडतं ते कुठल्याच वहीत येत नाही. वहिनींचा वर्षाचा पगार १ लाख ३२ हजार. अशा दहा बायका एका गाडीत असतील तर १३ लाखांची कमाई त्या एका फेरीवर अवलंबून आहे. एसटी तिकिटावर १७.५ टक्के प्रवासी कर घेऊन सरकारला देते, म्हणजे गरिबाच्या गाडीवर सरकार कमावतंही आहे. हा करच त्या त्या जिल्ह्याच्या पहिल्या आणि शेवटच्या फेऱ्यांसाठी राखून ठेवला तर? सवलतीपेक्षा मी याच्यासाठी भांडेन.

वऱ्हाडी यांचा मजूर पासाचा मुद्दाही मला पटतो, त्यात बाई पुरुष प्रश्न येत नाही.

---

समुद्रफेस:

हिशेबनीस, ही कल्पना खरंच चांगली आहे. १ जून १९४८ ला पुणे–नगर पहिली एसटी सुटली तेव्हापासून पुढं जे "गाव तिथे एसटी" म्हणत आले, त्याला आता "कामाच्या वेळेला एसटी" असं जोडायला पाहिजे. आमच्या वाडीला एसटी आहे, दुपारी सव्वाबाराला.

---

माळरान:

अपडेट देते, कारण बऱ्याच जणांनी व्यनि (खाजगी निरोप) करून विचारलं.

फेब्रुवारीत चार दिवस रजा काढून गेले होते. दादा आणि मी यादी करायला बसलो तेव्हा वाटलं होतं दहा-बारा नावं होतील. ४१ झाली. त्यात २३ पोरं कॉलेजची, बाकी कामाला जाणारी किंवा गाडी असती तर गेलो असतो म्हणणारी. वाटेवरच्या दोन गावांनी ठराव द्यायचं कबूल केलं, तिसऱ्या गावात वडाप सरपंचाच्या भावाचं आहे, तिथं काही झालं नाही. जुन्या बालवाडीची खोली आहे, तिला पत्रे नवे घातले, लाइट आहे, संडासाचं काम बाकी आहे, ते गटाच्या बायकांनी अंगावर घेतलंय. जेवणाचं आई बघणार आहे.

ग्रामसभेत वहिनी उभी राहून बोलली. तिला मी कधी चार माणसांत बोलताना ऐकलं नव्हतं. तिनं तिच्या पाच हाफ डेच्या तारखा सांगितल्या, सगळ्या पाठ होत्या.

अर्ज दिला, पोच घेतली, शिक्का आहे. साहेब म्हणाले एप्रिलमध्ये बघू. काकांनी सांगितल्याप्रमाणं पासवाल्यांचा आकडा ठळक लिहिलाय. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात परत जाणार आहे, तेव्हा मुख्याध्यापकांचं पत्र न्यायचं आहे, ते अजून मिळालेलं नाही. कुणाला त्या पत्रात नेमकं काय मजकूर लागतो माहीत असेल तर इथं टाका.